मोर्चेलवाल्यांची तहान

सूर्याजीरावांच्या घराण्याचा मान माश्या हाकलण्याचा होता. दरबारात गादीच्या उजव्या अंगाला उभं राहायचं आणि मोरपिसांचं मोर्चेल गादीवरून सावकाश ढाळायचं, एवढंच. पण ते चार पिढ्या चालत आलेलं असल्यामुळे त्याला काम म्हणायची कुणाची छाती नव्हती. शिंदे की छावनी या उत्तरेतल्या मराठी वस्तीत त्यांच्या घराला आडनावाने कुणी ओळखत नसे. टांगेवाल्याला 'मोरछलवाले' म्हटलं की टांगा आपसूक दारात. पणजोबांनी कुठल्याशा लढाईत तलवार गाजवली म्हणून हा मान मिळाला, असं घरचे सांगत. तलवार गाजवल्याबद्दल पिसं का मिळाली, हे विचारायची पद्धत नव्हती.

मानाला नियम एकच. दरबार उठेपर्यंत मोर्चेल खाली ठेवायचं नाही आणि जागा सोडायची नाही. सोडली, की मान पुढच्या भाऊबंदाकडे. गुलाबदाणीचा मान असलेल्या एका गृहस्थांना ऐन दसऱ्याच्या दरबारात उचकी लागली. ते खांबाआड दोन घोट पाणी प्यायला गेले. परत येऊन बघतात तो गुलाबदाणी चुलतभावाच्या हातात. आज त्यांचा नातू शाळेत ड्रॉइंग शिकवतो.

सूर्याजीरावांना मूलबाळ नव्हतं. त्यांचा पुढचा भाऊबंद म्हणजे चुलतभाऊ दौलतसिंह. हा दर दरबारात दुसऱ्या रांगेत, बरोब्बर मोर्चेलासमोर उभा राही आणि सूर्याजीरावांच्या प्रकृतीची इतक्या आस्थेने चौकशी करी, की ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस यांच्यासाठी देवापुढे रोज काहीतरी मागत असणार. मागत होताच.

गेल्या दसऱ्याच्या मिरवणुकीत सराफ बाजाराच्या तोंडाशी कुणीतरी आपटबार फोडला, घोडा बिथरला आणि सूर्याजीराव डोक्यावर पडले. पागोट्याने वाचवलं, असं सगळे म्हणाले. आठवडा-दोन आठवडे डोकं दुखलं आणि थांबलं. मग तहान लागायला लागली.

ही तहान म्हणजे तुमची-आमची नव्हे. उठल्याबरोबर एक तांब्या, चूळ भरून दुसरा, पूजेला बसण्याआधी तिसरा, आणि पूजेत देवाला घातलेल्या पाण्याकडेही त्यांचं लक्ष. दुपारपर्यंत रांजणाचा तळ दिसे. जेवढं आत जाई तेवढं बाहेर येई, तेही लगोलग. रांजण ते मोरी हे अंतर अकरा पावलांचं होतं आणि वर्षभरात सूर्याजीरावांचं सगळं जग त्या अकरा पावलांत येऊन बसलं. लग्नाची आमंत्रणं आली की ते विचारत, मांडवापासून मोरी किती लांब? कीर्तनाला जाणं सुटलं, कारण बुवांचा पूर्वरंगच दीड तासाचा. मोरीच्या भिंतीवरचे पोपडे त्यांना पाठ झाले. एका पोपड्यात त्यांना दौलतसिंहाचं नाक दिसे.

नशिबाने सरकार वर्षभर परगावी होते, त्यामुळे दरबार भरला नव्हता. पण दसऱ्याचा दरबार काही चुकायचा नाही. सरकार नसले तर तो नुसत्या गादीपुढे भरे. गादी रिकामी असली तरी माश्या असतातच, असा कारभाऱ्यांचा विचार. साडेतीन तास उभं राहायचं होतं. सूर्याजीरावांना अर्धा तासही जमत नव्हता. बदली माणूस द्यायचा तर तो दौलतसिंह, आणि त्याचा हात एकदा दांड्याला लागला की तो सोडवायला पुन्हा एक लढाई करावी लागली असती. पणजोबा आता नव्हते.

वैद्य तात्यासाहेबांनी नाडी धरून डोळे मिटले आणि मधुमेह सांगितला. भात बंद, गूळ बंद, गव्हाची खीर स्वप्नातही बंद. खात्रीसाठी त्यांनी शास्त्रोक्त परीक्षा घेतली. राव जिथे बसतात ते भांडं अंगणात मुंग्यांच्या वारुळाशी ठेवायचं. मुंग्या आल्या तर मधुमेह. दिवसभर ठेवलं, एक मुंगी फिरकली नाही. तात्यासाहेबांचं मत मात्र बदललं नाही. ते म्हणाले, इकडच्या मुंग्या हिंदुस्तानी, त्यांना आपल्याकडच्या शास्त्राची सवय नाही.

भाद्रपद लागला तरी गुण येईना, तेव्हा त्यांनी शेवटचा उपाय काढला. पाणी हेच रोगाचं मूळ. मूळ तोडलं की झाड वाळतं. पूर्ण एक दिवस रोग्याला कोंडायचं आणि मोजून सहा फुलपात्रं पाणी द्यायचं, सातवं नाही.

विजयाबाईंनी हे ऐकलं, डोळे पुसले आणि कुलपं आणली. एक रांजणाच्या खोलीला, एक देवघराला. देवघरात नवरा. दोन्ही किल्ल्या कमरेला लावून त्या दाराबाहेर जपमाळ घेऊन बसल्या. नवऱ्याला कोंडून त्याच्याचसाठी जप करणारी बायको छावनीत दुसरी नव्हती, निदान उघडपणे नव्हती.

सहा फुलपात्रं दहा वाजेपर्यंत संपली. अकराला सूर्याजीरावांनी तीर्थाची वाटी संपवली. बाराला फुलांच्या परडीतलं पाणी. नंतर देव पुसायचं ओलं फडकं चोखून झालं. सोबत दिलेलं भांडं मात्र भरतच होतं, थांबायचं नाव नाही. जीभ चामड्यासारखी झाली, भिंती हलायला लागल्या. दारावर थापा मारल्या तर बाहेरून जपाचा आवाज वाढला. दुपारी दोनच्या सुमाराला त्यांची नजर देव्हाऱ्याच्या कोपऱ्यात गेली. तिथे तांब्याचा गडू होता. आईंनी काशीहून आणलेला, झाकणाला कथलाचा डाक लावून बंद केलेला, घरातल्या मोठ्या माणसाच्या तोंडात शेवटच्या क्षणी घालायची गंगा त्यात होती. शेजारी मखमलीत गुंडाळलेलं मोर्चेल. सूर्याजीरावांनी मोर्चेल उलटं धरलं आणि चांदीच्या मुठीने डाक फोडला.

विजयाबाईंनी दार उघडलं तेव्हा नवरा चटईवर आडवा, डोळे मिटलेले, ओठ ओले आणि छातीवर गंगेचा गडू. त्यांच्या हातातली माळ गळून पडली.

"संपलं," सूर्याजीराव डोळे न उघडता म्हणाले, "दुसरा आहे का?"

त्या खाली बसल्या. मग म्हणाल्या, "आता तुमच्या तोंडात शेवटी काय घालू मी?"

"आत्ता पाणी घाला. शेवट आपोआप लांबेल."

त्या दिवशी रांजणाचं कुलूप निघालं आणि तात्यासाहेबांचं येणं थांबलं. विजयाबाई कमी शिकलेल्या होत्या, पण त्यांना एक गोष्ट राहून राहून खुपत होती. मुंग्या खोटं का बोलतील? दुसऱ्या दिवशी त्यांनी दुधाच्या चरवीत नमुना घेतला, पडद्याचा टांगा बोलावला आणि बायकांच्या दवाखान्यात डॉक्टरीण शरयूबाईंकडे गेल्या.

शरयूबाई मुंबईला शिकून आलेल्या, बोलायला मोजक्या. त्यांनी चरवीतलं काचेच्या नळकांड्यात ओतलं आणि दूध तपासतात तसा तरंगता काटा आत सोडला. काटा पार खाली गेला. त्यांनी विचारलं, गवळ्यासारखं पाणी घालून आणलंत का? विजयाबाई म्हणाल्या, नाही हो, ह्यांचं आहे, जसंच्या तसं. साखर तपासली, तर साखरेचा अंशही नाही. तेव्हा शरयूबाईंनी वेगळाच प्रश्न विचारला. राव कधी डोक्यावर पडले होते का?

मग त्यांनी समजावलं. मेंदूच्या बुडाशी हरभऱ्याएवढी एक ग्रंथी टांगलेली असते. शरीरातले बरेचसे हुकूम तिथून रक्तात सुटतात; विलायती पुस्तकांत अशा हुकमांना हार्मोन म्हणतात. उंची किती वाढावी, आईला दूध कधी यावं, बाईला मूल राहावं की नाही, सगळं त्या हरभऱ्याकडे.

"मूल सुद्धा?" विजयाबाईंनी विचारलं.

"त्याचे हुकूमही तिथूनच निघतात."

विजयाबाईंनी चरवीचं झाकण घट्ट बसवलं.

औषध होतं. त्या ग्रंथीच्या मागच्या भागाचा अर्क, सुईने टोचायचा. पंचाईत अशी, की तो अर्क दवाखान्यात होता तो अडलेल्या बाळंतिणींसाठी, कळा वाढवायला. कुपी आवाराबाहेर न्यायची नाही असा नियम, आणि बारा वर्षांवरच्या पुरुषाने आवारात यायचं नाही असा दुसरा. दोन्ही नियम आपापल्या जागी योग्य होते. सूर्याजीराव बरोब्बर मध्ये सापडले.

तेव्हा चार दिवसांनी पडद्याचा टांगा पुन्हा मोर्चेलवाल्यांच्या दारात आला. त्यातून विजयाबाईंची जरीकाठी चादर डोक्यावरून पायांपर्यंत पांघरून सूर्याजीराव निघाले. पुढे टांगेवाल्याशेजारी अनसूया बसली. ही घरातली जुनी मोलकरीण, कानाने ठार बहिरी, आणि गुपित राहावं म्हणून मुद्दाम तिलाच निवडलेली. निघताना सूर्याजीराव दोन तांबे पाणी प्याले होते. ते खासगी बाजारापर्यंत पुरलं. तिथे टांगा थांबला. पडद्याच्या फटीतून बघतात तो काय, टांगेवाला घोड्याला हौदावर पाणी पाजत होता. घोडा निवांत पीत होता, मध्येच मान वर करून फुरफुरत होता, पुन्हा पीत होता. सूर्याजीरावांनी आतून लाकडावर टकटक केली. अनसूयेने ऐकली नाही. आवाज द्यावा तर तो चांगला भरदार पुरुषी, सगळ्या बाजाराने वळून पाहिलं असतं. त्यांनी पुन्हा टकटक केली.

"बस दो मिनट, बाई साहब," टांगेवाला म्हणाला, "जानवर है बेचारा, प्यासा है."

सूर्याजीरावांनी चादरीचं टोक दातांत धरलं आणि त्या घोड्याचा जन्मभर हेवा केला.

दवाखान्याच्या मागच्या दाराने त्यांना आत घेतलं. सुईण म्हणाली, बाई उंच आहेत. शरयूबाई म्हणाल्या, माहेरच्या बाजूने. तपासणी झाल्यावर त्यांनी ग्रंथीची गोष्ट पुन्हा सांगितली: तिथून मूत्रपिंडांना हुकूम जातो की पाणी राखून ठेवा. पडल्यापासून तो हुकूम सुटत नाही. खालचे कामदार मग दरवाजे सताड उघडे टाकून बसतात.

सूर्याजीरावांना हे एकदम समजलं. "म्हणजे गादी रिकामी आहे."

"तसं म्हणा. पण तुमचं पाणी तोडलं ते ज्याने कुणी तोडलं, त्याला सांगा, आणखी एक दिवस गेला असता तर राव गेले असते. तहान लागेल तेवढं प्या. हा अर्क म्हणजे हुकूम नव्हे, हुकमाची नक्कल. चार तास चालते, फार तर साडेचार."

कुठल्या जनावराचा अर्क, हे त्यांनी विचारलं नाही आणि बाईंनी सांगितलं नाही. दोघंही घरंदाज होते.

सुई टोचल्यावर सूर्याजीरावांचा चेहरा पांढराफटक पडला, पोटात अशी कळ आली की पलीकडच्या खोलीतल्या बाळंतिणीबद्दल त्यांना कायमचा आदर वाटू लागला. मग कळ ओसरली. खिडकीतून बाहेर बघत ते बसून राहिले. कडुलिंबाखाली दोन मुली गजगे खेळत होत्या. त्यांचा एक डाव झाला, दुसरा झाला. सहाव्या डावाला सूर्याजीरावांच्या लक्षात आलं की शेजारी पाण्याचा तांब्या भरलेला आहे आणि आपण त्याच्याकडे पाहिलेलंही नाही. वर्षभरात पहिल्यांदाच ते कुठेही न जाता एका जागी बसले होते. त्यांचे डोळे भरून आले. एवढं पाणी वाया गेलेलं त्यांना चाललं.

मात्रा बेतायला आणखी तीन खेपा झाल्या. प्रत्येक कुपीपुढे बाईचं नाव लिहावं लागे, म्हणून सुईणीने वहीत 'मोर्चेलवाल्यांच्या बाई' असं लिहिलं. तिने वहीत लिहिलं, आणि बहुधा तोंडानेही सांगितलं. तिसऱ्या खेपेला टांगा पानवाल्यापाशी रेंगाळला तेव्हा टांगेवाल्याचं बोलणं पडद्याआडून सूर्याजीरावांच्या कानावर आलं, "मोरछलवालों के यहाँ खुशी है. इतने साल बाद भगवान ने सुन ली." पानवाला म्हणाला, तभी तो दौलतसिंहजी का मुँह उतरा हुआ है.

स्वतःच्या बाप होण्याची बातमी सूर्याजीरावांना अशी बायकोची चादर पांघरून मिळाली. पडदा सारून 'हे खोटं आहे' असं सांगावं, तर मग पडद्याआड कोण होतं तेही सांगावं लागलं असतं. टांगेवाल्याने त्या दिवशी टांगा खड्डे चुकवत, अगदी सावकाश हाकला. सावकाश हाकलेला टांगा त्यांना परवडणारा नव्हता.

घरी आले तर विजयाबाईंपुढे चिंचांची परडी. छावनीतल्या चार बायका येऊन ओटी भरून गेल्या होत्या.

"तुम्ही नाही म्हणून सांगितलं नाही?" त्यांनी विचारलं.

"तोंडात चिंच होती," विजयाबाई म्हणाल्या.

त्यांनी परडीकडे पाहिलं. अर्धी रिकामी होती.

दसऱ्याला सकाळी साडेसातला सुई, आठला घरी येऊन चादर उतरवून जामा चढवणं, नऊला दरबार. साडेबाराला उठेल. शरयूबाईंच्या हिशेबाने अर्क साडेअकरापर्यंत पक्का, बारापर्यंत कदाचित, पुढे देवाची मर्जी.

पहिले दोन तास सूर्याजीरावांनी असं मोर्चेल ढाळलं, की त्यांच्या वडिलांनीही ढाळलं नसेल. मानकरी एकेक करून रिकाम्या गादीला मुजरा करत होते. भाटांची कवितं सुरू झाली. समोर दौलतसिंह. त्याची नजर मोर्चेलावर नव्हती, सूर्याजीरावांच्या पायांवर होती.

साडेअकराला ओठ कोरडे पडले. पावणेबाराला खालच्या कामदारांनी पहिला दरवाजा उघडला. गुलाबदाणीवाले मानकरी फवारा उडवत गेले, एक थेंब सूर्याजीरावांच्या मिशीवर पडला आणि तो त्यांनी जिभेने टिपला. बाहेर भिस्ती मैदानावर सडा घालत होता, त्याच्या पखालीचा आवाज आत येत होता. मागे खांब, पुढे गादी, डावीकडे अब्दागिरी, उजवीकडे भिंत. एवढ्या वैभवात हलायला वीतभर जागा नव्हती. तेवढ्यात गादीवर माशी बसली. चार पिढ्यांत खरोखरीची माशी पहिल्यांदाच आली असावी. सूर्याजीरावांनी ती हाकलली, ती पुन्हा बसली, आणि या दुसऱ्या वेळेला वाकताना त्यांना कळलं की आपण आता पुन्हा सरळ उभे राहू शकत नाही.

बारा वाजले. अजून दोन भाट शिल्लक होते. त्यांतला दुसरा घराण्याची वंशावळ मूळ पुरुषापासून सांगे. सूर्याजीरावांनी वजन या पायावरून त्या पायावर घेतलं, मग त्या पायावरून या पायावर. कपाळावरून घाम उतरला. दौलतसिंह रांगेतून अर्धं पाऊल पुढे सरकला. त्याच्या उजव्या हाताची बोटं दांडा धरल्यासारखी वळली होती.

दरबाराचे कारभारी दिनकरराव हे सगळं बघत होते. पांढरा पडलेला चेहरा, चुळबुळणारे पाय, दाराकडे लागलेले डोळे. दिनकररावांना सात मुलं होती. सातही वेळा ते अंगणात असेच फेऱ्या घालत होते. त्यांनी चोपदाराला खूण केली, भाटाच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि वंशावळ मूळ पुरुषावरून एकदम आजवर आली. मधल्या अकरा पिढ्या त्या दिवशी निर्वंश झाल्या. दरबार बरखास्त.

मोर्चेल सूर्याजीरावांच्याच हातात होतं. दौलतसिंहाची बोटं हळूहळू सरळ झाली.

पण दारात दिनकरराव उभे होते आणि त्यांच्यामागे दरबार उभा होता. सूर्याजीरावांनी बाजूने निसटायचा प्रयत्न केला. दिनकररावांनी त्यांना मिठीतच घेतलं. ही मिठी सूर्याजीरावांना मरेपर्यंत आठवत राहिली.

"रावसाहेब, कळलंय आम्हाला. घरी लक्ष लागणारच." मग त्यांनी आवाज चढवला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "मोर्चेलाच्या मानापुढे भाऊबंदाचं नाव होतं, ते आज काढलं. वारस येतोय. तो जाणता होईपर्यंत राव स्वतः सेवा करतील. अठरा वर्षं. बदली नाही, रजा नाही. झालं ना मनासारखं?"

सूर्याजीराव हो म्हणाले. त्या क्षणी कुणी त्यांच्याकडे किल्ला मागितला असता तरी ते हो म्हणाले असते.

घरी आल्यावर आधी मोरी झाली, मग रांजण, मग पुन्हा मोरी. जामा ओला होता. तो घामाचा, असं दोघांनीही धरून चाललं. विजयाबाई तांब्या भरून देत होत्या आणि ते सांगत होते: माशी, भाट, मिठी, अठरा वर्षं. सांगून झाल्यावर ते म्हणाले, सगळं खरं सांगून टाकू या. दिनकरराव भला माणूस आहे. मान जाईल, जाऊ दे. अठरा वर्षं चादरीतून जाणं माझ्याच्याने होणार नाही.

विजयाबाईंनी ऐकून घेतलं. देवघरात जाऊन त्या रिकामा तांब्याचा गडू घेऊन आल्या. झाकण नव्याने बसवून आणलं होतं, डाक लावायचा बाकी होता. तो त्यांनी रांजणात बुडवून भरला.

"ही गंगा नव्हे," सूर्याजीराव म्हणाले.

"ठाऊक आहे. पण तुम्हाला ओळखीचं पाणी बरं." त्यांनी गडू पदराने पुसला आणि बोटांवर मोजायला लागल्या. कार्तिक, मार्गशीर्ष, पौष. मोजता मोजता थांबल्या.

"ज्येष्ठात लोक विचारायला येतील."

"म्हणून म्हणतो, सांगून टाकू."

"सांगू." त्या परडीतली एक चिंच उचलून सोलायला लागल्या. "पण लगेच नको. पौषापर्यंत राहू द्या. बायका रोज येतात, बसतात, माझ्या पाठीवरून हात फिरवतात. वीस वर्षांत कुणी आलं नव्हतं."

सूर्याजीरावांनी तांब्या तोंडाला लावला आणि बराच वेळ खाली घेतला नाही. घेतला तेव्हा तो रिकामा होता.

"पौषापर्यंत," ते म्हणाले आणि अकरा पावलं चालायला उठले.